नामदेवकाकांची सुतळी

नामदेवकाकांनी पहिल्या भेटीत माझं नाव विचारलं नाही. खिशातून गाठी मारलेली सुतळी काढून माझ्या वेणीचं माप घेतलं आणि म्हणाले, "दोन वीत. तेल कमी पडतंय."

काका शारजाबाहेर धैद गावाजवळ एका अरबाबाच्या, म्हणजे अरब मालकाच्या, खजुरीच्या शेतावर मुकादम होते. माझे बाबा शारजाहून पिकअप घेऊन तिथे भाजी आणायला जात आणि शुक्रवारी मीही जायची. काका सगळं मोजत. चहाचा ग्लास, खबूस रोटीची रुंदी, झोपलेल्या मांजराचं शेपूट. बाबा नुसतं म्हणाले की यंदा ऊन फार आहे, तरी उत्तर ठरलेलं असे : "माप घेतलं का? मग बोला."

घरात कॉलेजला जाणारी मी पहिली. त्यामुळे कुणाचाही कागद माझ्याकडे येई. शाळेत अरबी होतं, म्हणून त्या वर्षी खजुरीच्या सरकारी अनुदानाचा फॉर्मही माझ्याकडेच आला. मी जेमतेम पास झाले होते, पण हे सांगायचा धीर झाला नाही. अरबाबाने बजावलं होतं की अनुदान आलं नाही तर शेत बंद आणि काकांचा व्हिसा खलास. काका झाडं मोजून सांगत गेले : पहिली ओळ बावीस, दुसरी एकवीस, शेवटची चौदा. बारा ओळी मी भरल्या.

तपासनीस येणार त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा लेक्चर बुडवलं. पांढऱ्याशुभ्र पायघोळ कंदुऱ्यातले साहेब फाटकातून आत आले, पहिली ओळ मोजली आणि थांबले.

"इधर चौदह है. पेपर में बाईस. पेपर झूठा है."

चूक माझ्या अरबीचीच असणार. साहेब शेरा लिहायला लागले. काका मात्र माझ्याकडे न बघता त्यांच्या पेनाकडे बघत होते. अरबी लिहिणारं पेन उजवीकडून डावीकडे चाललं होतं.

"साब," काका शांतपणे म्हणाले, "आप सीधे हाथ से गिना, हम उल्टे हाथ से. यल्ला, चलो, पीछे का गेट."

साहेब पुटपुटतच गेले. पण मागच्या फाटकातून आमची डावी बाजू त्यांची उजवी झाली, आणि उजवीकडची पहिली ओळ बावीस भरली. दुसरी एकवीस. झाडांमधलं अंतर बघायचं म्हणून काकांनी सुतळीचं एक टोक साहेबांच्या हातात दिलं, आणि साहेब कंदुरा सावरत ते टोक धरून निमूट चालू लागले. बाराही ओळी जुळल्या तेव्हा बाबांनी पिकअपचा हॉर्न वाजवला. साहेबांनी शिक्का मारला.

निघताना त्यांना पंपाजवळ आणखी एक झाड दिसलं. "ये एक ज़्यादा है. लिख दूँ?"

"नहीं साब. वो खेत का नहीं, घर का है."

त्या झाडाच्या खोडाला सुतळीचे वेढे होते, मांडीएवढ्या उंचीपासून वर वर चढत गेलेले. काकांची मुलगी पुष्पा गावी असते. दरवर्षी तिच्या वाढदिवसाला काकू तिच्या उंचीएवढी सुतळी कापून पत्रात घालतात. काका ती जमिनीपासून खोडावर ताणतात आणि जिथे संपेल तिथे वेढा देऊन गाठ मारतात. चौदा वर्षांत ते तीनदा घरी गेले होते. वेढे तेरा होते; यंदाचा वाढदिवस अजून यायचा होता.

काकांनी हे सांगितल्यावर साहेबांनी सगळ्यात वरच्या वेढ्याला बोट लावलं. मग स्वतःच्या कमरेजवळ आडवा हात धरून दाखवला, आपलीही मुलगी एवढी आहे म्हणून. काकांनी लगेच सुतळी काढून तेही माप घेतलं.

गाडी गेल्यावर काकांनी मला त्या झाडाला पाठ लावून उभं केलं. डोक्यावर तळहात ठेवला, वरच्या वेढ्याकडे पाहिलं आणि शिक्का मिळाला तेव्हाही हसले नव्हते इतके हसले.

"आमची पुष्पी तुझ्यापेक्षा दोन बोटं उंच आहे," ते म्हणाले. "माप घेतलंय, म्हणून बोलतोय."