काचेची बोट आणि सदतीस अभिषेक

पंकजाने मोबाईल कानिफनाथच्या ताटाशेजारी तांब्याला टेकवून उभा केला. पडद्यावर अंदमानचा समुद्र होता, समुद्रात बोट होती आणि बोटीचा तळ काचेचा होता. माणसं आपापल्या पायाखाली बघत होती आणि तिथे निळे-पिवळे मासे फिरत होते.

"ह्यात बसायचंय मला," पंकजा म्हणाली. "बाकी काई नको."

कानिफनाथचं मिरजगावात हायवेला दुकान होतं. पाण्याच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचा. जुन्या मोटारीतून निघालेली वीतभर तांब्याची तारही त्याने कधी टाकली नव्हती. पण पंकजाने दोन वर्षं ब्लाउज शिवून एकतीस हजार साठवले होते, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. पंधरा दिवस मोबाईल घासून त्याने ऑगस्टमधली पडेल भावाची विमानाची तिकिटं शोधली. येऊन-जाऊन दोघांचे सत्तावीस हजार. उरले चार.

"चार दिवसाला चार हजार," तो म्हणाला. "लई झाले."

पंकजाने बॅग काढायला घेतली. लग्नाला चौदा वर्षं झाली होती.

दुसऱ्या दिवशी आईने, म्हणजे मनकर्णाबाईंनी विचारलं, "कुठं निघालाय रं जोडीनं?"

'अंदमान' हा शब्द कानिफनाथच्या ओठांवर आलाच होता. तेवढ्यात त्याच्या डोक्यात हिशेब चालू झाला. सहलीला जाणारा माणूस गावात उधळ्या ठरतो, वर येताना सगळ्यांना काही ना काही आणावं लागतं. तीर्थाला जाणाऱ्याच्या मात्र लोक पाया पडतात आणि हातावर पैसे ठेवतात.

"रामेश्वरला," तो म्हणाला. "समुद्रातच हाय ते बी."

संध्याकाळपर्यंत ओटा भरला. शेजारच्या झुंबरबाईंनी एकशे एक रुपये दिले आणि अकरा वर्षांपूर्वी काशीहून आणलेला, डाक लावून तोंड बंद केलेला गंगेचा गडू दिला. "म्हादेवाच्या पिंडीवर वत," त्या म्हणाल्या. "मला काय आता जायला जमत न्हाई." साखर कारखान्यातून निवृत्त झालेले भिमाजी आण्णा वही घेऊन बसले आणि अभिषेकासाठी पैसे देणाऱ्यांची नावं गोत्रासकट लिहू लागले. सदतीस नावं झाली. पाच हजार आठशे रुपये जमले.

"देवाचा पैसा हाय त्यो," पंकजा आत येऊन दबक्या आवाजात म्हणाली.

"देव सगळीकडं हाय. अंदमानात न्हाई व्हय?"

"मंग तुमच्या आईस्नी खरं सांगा की."

"येडी का तू? आता सांगितलं तर परत द्यावं लागंल."

पुण्याच्या विमानतळावर पहिला फटका बसला. हॉटेलचा खर्च नको म्हणून कानिफनाथने साठ दशम्या, दोन किलो शेंगदाण्याची चटणी, ठेचा आणि चिवडा घेतला होता. गडू हातात नेऊ देईनात, म्हणून तोही बॅगेत गेला. वजन चार किलो जास्त भरलं. काउंटरवरच्या मुलीने बावीसशे रुपये सांगितले.

कानिफनाथने बॅग बाजूला ओढली, तिथेच फरशीवर फडकं पसरलं आणि दशम्या सोडल्या. "जेव," तो पंकजाला म्हणाला. "वजन कमी करायचंय."

"पोटात गेलं तरी इमानातच जानार न्हवं का?"

"पोटाचं भाडं घेत न्हाईत."

दोघांनी मिळून अकरा दशम्या खाल्ल्या. कानिफनाथने अंगावर तीन शर्ट चढवले आणि चिवडा शेजारच्या रांगेत वाटून टाकला. तरी दोन किलो जास्तच होतं. अकराशे गेले, आणि पोर्ट ब्लेअर येईपर्यंत विमानात त्याला कूस बदलता आली नाही.

बेट मात्र खरोखरच फोटोतल्यासारखं होतं. पंकजाने आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला. कितीतरी वेळ ती काठावर पाय बुडवून उभी राहिली आणि उगीच हसत राहिली. कानिफनाथलाही बरं वाटलं, कारण ह्याला तिकीट नव्हतं.

फुकट जे जे होतं ते त्यांनी सगळं पाहिलं. एका लॉजवर सातशेची खोली मिळाली. तिच्या खिडकीतून समुद्र दिसत नव्हता, समुद्राकडे जाणारा रस्ता दिसत होता. शहाळं दोघांत एक. दुसऱ्याने काढून ठेवलेल्या पाणबुड्याच्या चष्म्याजवळ उभं राहून फोटो काढला. पहिले दोन दिवस वारा होता म्हणून काचेच्या बोटी बंद होत्या. कानिफनाथने वाऱ्याचे मनातल्या मनात आभार मानले. तिसऱ्या दिवशी वारा पडला. चौथ्या दिवशी पहाटे परतीचं विमान होतं. माणशी सहाशे रुपये, बोट बरोबर तीनला सुटणार. पंकजा दुपारी एकलाच धक्क्यावर जाऊन उभी राहिली. तिने ठेवणीतली साडी नेसली होती.

तिकिटाच्या खिडकीपाशी पुढे फक्त चार माणसं उरली असताना फोन वाजला. भिमाजी आण्णा होते, व्हिडिओवर.

"कानिफा, आज श्रावणी सोमवार. अभिषेक झाला का न्हाई आमचा?"

"चाललोच होतो आन्ना."

"मंग आमालाबी दाव. पोरानं मोबाईल टीव्हीला जोडलाय. समदे आंघोळी करून बसलेत." त्यांनी मोबाईल फिरवला. खोलीभर माणसं मांडी घालून, हात जोडून बसली होती. पुढच्या रांगेत झुंबरबाई होत्या, त्यांच्या शेजारी मनकर्णाबाई. "ते मागं पानी दिसतंय ते काय?"

"रामसेतूचा समुद्र," कानिफनाथ म्हणाला.

खोलीतल्या सगळ्यांनी नमस्कार केला. त्याच वेळी कानिफनाथच्या मागून चड्डी-बनियनवरची, नखशिखांत भिजलेली पाच-सहा माणसं गेली. त्यांत दोन बाया होत्या.

"ही कोन मंडळी?" आण्णांनी चष्मा सावरला.

"यात्रेकरू. बावीस कुंडांची आंघोळ करून आलेत."

"धन्य हाय. आता देऊळ दाव."

"इथनं लांब हाय जरा."

"असू दे. आमी बसलोय."

फोन बंद करावा तर सदतीस माणसं बघत होती. कानिफनाथने पंकजाचा हात धरला. "चल, अर्ध्या तासात येऊ," तो म्हणाला. शहरात रंगीत गोपुराचं एक देऊळ त्याने येता-जाता पाहिलं होतं. रिक्षावाल्याने तीनशे घेतले. देवळात महादेवाची पिंड होती, हे नशीब. पुजारी तमिळ होता, त्याला हिंदी जेमतेम येत होतं, पण दर त्याने स्वच्छ सांगितला. नावामागे दीडशे, आणि आत मोबाईल चालवायचा तर दोनशे वेगळे.

"समद्यांचा मिळून एकच करा की," कानिफनाथ म्हणाला.

"एकच कसा?" मोबाईलमधून आण्णा गरजले. "गोत्र येगळंय प्रत्येकाचं. मी वाचतो, तू त्यांना सांग."

आण्णांनी मिरजगावातून वाचायचं, कानिफनाथने पिंडीपुढे सांगायचं आणि पुजाऱ्याने ते आपल्या पद्धतीने उच्चारून दूध घालायचं, असं सुरू झालं. 'भिमाजी'चं पुजाऱ्याच्या तोंडी काहीतरी भलतंच झालं. पण ज्याचं नाव येई तो तिकडे टीव्हीपुढे उठून दंडवत घाली, त्यामुळे कोणालाच वगळता येईना. पंकजाने बाराव्या नावाला घड्याळ पाहिलं. अडीच झाले होते. एकोणिसाव्याला पावणेतीन. शेवटी पुजाऱ्याने पक्कड मागवून गडूचा डाक फोडला आणि गंगा पिंडीवर ओतली, तेव्हा झुंबरबाईंनी डोळ्यांना पदर लावला. तोवर साडेतीन वाजले होते.

पाच हजार पाचशे पन्नास आणि वरचे दोनशे पन्नास देऊन कानिफनाथ बाहेर आला. पन्नास पुजाऱ्याने पकडीचे लावले होते. पंकजा पायरीवर बसली होती.

"बोट गेली," ती म्हणाली.

"पुढच्या वक्ताला."

"मला पुढचा वक्त नव्हता हो पायजे."

ती रडली नाही, भांडली नाही. त्याने पुढे केलेली दशमी तिने घेतली नाही, एवढंच. कानिफनाथला पहिल्यांदाच खर्चाशिवाय दुसऱ्या कशाचं तरी वाईट वाटलं.

मिरजगावात एसटीतून उतरले तर ताशा तयार. बायांनी पायांवर पाणी घातलं, कोणी हार घातले. मनकर्णाबाई सुनेला ओवाळायला म्हणून बाजूला घेऊन गेल्या, तिच्याशी बराच वेळ बोलल्या आणि परत येऊन सगळ्यांसमोर म्हणाल्या, "येत्या सोमवारी तीर्थाचं मावंदं. गावजेवन."

"आई, मावंदं?" कानिफनाथ पुटपुटला. "घरच्या घरी पाच सवाष्णी घालू की."

"रामेश्वर केलं आनि पाच मानसं? पाप लागंल रं."

"खरंय," भिमाजी आण्णा म्हणाले. "म्या बघितलंय की, कसला अभिषेक झाला तो."

चारशे पानं उठली. बुंदी, आमटी, भात, मंडप आणि आचारी धरून बेचाळीस हजार झाले. अंदमानला जाऊन यायला लागले त्याहून जास्त. कानिफनाथने दुकानाच्या गल्ल्यातून मोजून दिले. देताना गावकरी त्याच्या पाया पडत होते, त्यामुळे तोंड वाकडं करायचीही सोय नव्हती.

पंगती उठल्यावर तो मंडपाच्या खांबाला टेकून बसला. तिकडे चुलीपाशी बचत गटाच्या बाया जमल्या होत्या. झुंबरबाई होत्या, आण्णांची बायको रतनबाई होती, आणि मधोमध मनकर्णाबाई कागदावर नावं लिहून घेत होत्या. पंकजा त्यांना मोबाईलवर काहीतरी दाखवत होती आणि आठ दिवसांत पहिल्यांदाच हसत होती.

"काय चाललंय?" तो जवळ जाऊन म्हणाला.

"रामेश्वरला चाललोय," मनकर्णाबाई म्हणाल्या. "अकरा बाया. गटातून उचलतोय पैसा."

"मंग मी देतो की तिकिटं काढून. चेन्नईपस्तोर रेल्वे..."

"त्या रामेश्वरला न्हाई. तुझ्या रामेश्वरला. काचेची बोट हाय तिथं."

कानिफनाथ तिथेच बसला. बाया एकमेकींकडे बघून पदरात हसल्या.

"तुला कवा कळलं?"

"यष्टीतनं उतरली तवाच सांगितलं पोरीनं."

"आनि तरी मावंदं घातलं? बेचाळीस हजार गेले, आई. देवाचा पैसा म्हनशील तर पैन् पै देवाला घातलाय म्या."

"घातला की. म्या सोता बघितलंय." मनकर्णाबाईंनी कागदाची घडी घातली. "देवाचं देवाला पोचलं. पन माझ्या सुनंनं दोन वर्सं डोळं फोडून शिवनकाम केलं आनि तिची बोट बुडवली तू. तिचा दंड कोनी भरायचा?"

कानिफनाथने पंकजाकडे पाहिलं. ती चुलीतल्या राखेत काडीने रेघा ओढत होती.

"चुकलं माझं," तो म्हणाला. चौदा वर्षांत हे वाक्य त्याने फुकट असूनही वापरलं नव्हतं. मग म्हणाला, "मी बी येतो संगं. माझं तिकीट माझं मी काढतो."

"तुला न्हाई येता येनार," मनकर्णाबाई म्हणाल्या. "गावाला काय सांगू? तुझं रामेश्वर झालंय. मावंदं खाल्लंय समद्यांनी."

"मंग पंकजाचंबी झालंच की."

"तिला न्यावंच लागंल. वाट म्हाईत असलेलं एक मानूस नको का?"

मंडपवाल्याने टेम्पो मागे घेतला. कानिफनाथ उठला आणि गुपचूप पातेली मोजून आत भरू लागला.