काकांच्या कानातलं नवं हाड

काकांनी डेपोत बजावूनच ठेवलं होतं, उद्यापासून बस धुवायला दुसरा गडी बघा! कान कधीचाच गेलाय हे फार उशिरा उघडकीला आलं, तेव्हा साहेबांनी त्यांना स्टिअरिंगवरून उतरवून हातात पाण्याचा पाइप दिला होता. आता डॉक्टरांनी कानातलं झिजलेलं हाड काढून तांदळाच्या दाण्याएवढं टायटॅनियमचं हाड बसवलं होतं. 'ऐकू येतं' असा दाखला आणला, की गाडी परत काकांची. कागदाला कान नसतात, तरी माणसाला ऐकू येतं की नाही हे कागदच ठरवतो. असो.

तपासणीवाल्या मुलीने त्यांना काचेच्या बंद खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. काकांनी दाबलं. परत दाबलं. मग जे सुटले ते थांबेचनात! स्वतःचा श्वास ऐकू येत होता. कॉलर मानेवर घासत होती. पोटात सकाळचा चहा गुडगुडत होता! इतक्या वर्षांनी सगळं जग एकदम कानात घुसलं असताना माणसाने दाबायचं तरी काय काय सोडून?

मुलगी वैतागली. मी आवाज सोडलाच नाही तरी तुम्ही दाबताय, म्हणाली. नोकरीसाठी सगळेच अशी लबाडी करतात.

लबाडी! काकांचं डोकंच फिरलं. दुसऱ्या खेपेला त्यांनी ठरवलं, शंभर टक्के खात्री पटल्याशिवाय बोट हलवायचं नाही. बारीक आवाज आले, काका दगडासारखे बसून राहिले.

आलेख बघून डॉक्टरांचा चेहरा पंक्चर झाला. ते सोबत आलेल्या काकूंना बाहेर बोळाच्या पार टोकाला घेऊन गेले आणि खाली वाकून कुजबुजले, "हाड सरकलेलं दिसतंय. परत उघडावं लागेल. त्यांना एवढ्यात सांगू नका."

"परत उघडायला ही काय डिकी आहे?" काका काचेच्या खोलीच्या उघड्या दारातून गरजले.

डॉक्टर जागेवरच थिजले. मग पळत आले आणि मुलीच्या हातातलं पेन हिसकावून त्यांनी उभ्याउभ्याच दाखला लिहिला!

काका तडक डेपोत. दाखला साहेबांच्या टेबलावर आपटला, किल्ली घेतली, आपल्या जुन्या गाडीत चढले, सीटवर बूड टेकलं, किल्ली फिरवली. सगळा डेपो बघायला जमला होता.

आणि काका खाली उतरले. किल्ली साहेबांच्या हातात ठेवली.

"साहेब, या खटाऱ्यात मी पाऊल ठेवणार नाही. स्प्रिंगचा पाटा न् पाटा निखळलाय गाडीचा. बोंबलतेय नुसती."

"अहो, बारा वर्षं हीच तर चालवत होतात तुम्ही!"

"तेव्हा कुठे ऐकू येत होतं?" काका म्हणाले, आणि पाण्याचा पाइप शोधायला लागले.