पाच वाव खोल

बशीरभाई लिफ्टमध्ये आकडे मोजतात. मोठ्यानं. "एक... दोन... तीन..." पाचवा मजला आला की "हां, आता ओढ!" म्हणत बाहेर पडतात. जेद्दाच्या अल अझीझियातल्या आमच्या इमारतीत नवीन आलेला माणूस घाबरतोच. मीही घाबरलो होतो.

बशीरभाई रत्नागिरीकडचे, इथे एसी दुरुस्त करतात. पण जीव शुक्रवार सकाळच्या मासेमारीत. लाकडाचे खोटे मासे स्वतः कोरतात, रंगवतात आणि बाथरूममधल्या बादलीत पोहवून बघतात. भाभी बिचारी टॉवेल घेऊन दाराबाहेर ताटकळते.

"डॉक्टर, रंगाचं काय घेऊन बसलात? मासा किती खोल आहे ते ओळखा!" मी डॉक्टर नाही, एक्स-रे काढतो. त्यांना ते पटत नाही.

सकाळी गार पाण्यात दोन वाव, ऊन चढलं की पाच. वाव म्हणजे दोन्ही हात पसरून होतं तेवढं माप. खोटा मासा बुडताना सावकाश मोजायचं, आकड्याला एक वाव. मग रिळाचे दोन वेढे, आणि थांबायचं. "घाई केलीत की खलास!" मी घाई करतो. हमूरसारखा मोठा मासा त्यांनाच लागतो. मानलं बुवा या माणसाला!

एकच गोष्ट त्यांच्या गळाला लागत नव्हती. मुलगी, निदा. शनिवारी ती कॉलेजसाठी पुण्याला निघणार होती, आणि त्याआधी एकदा तरी तिनं समुद्रावर यावं, एवढीच त्यांची इच्छा.

"मग सांगा की तिला!"

"सांगितलं. 'अब्बा, नॉट अगेन' म्हणाली. सारखं ओढलं की बिथरते हो. आता थांबायचं."

तिच्या दाराशी मासेमारीचा एक रॉड ठेवला आणि गप्प बसले. लिफ्टमध्येसुद्धा. इमारतीला करमेना.

शेवटचा शुक्रवार. समुद्रावर ऊन चढलं तरी निदाचा पत्ता नाही. बशीरभाईंनी आपला लाडका निळा मासा टाकला. "एक... दोन..." मागे टॅक्सीचं दार आपटलं. निदा! पायात घरातल्या चपला, हातात तोच रॉड. शेजारी येऊन उभी राहिली आणि चक्क मराठीत म्हणाली, "ऊन आलंय. म्हणजे पाच वाव ना, अब्बा?"

बशीरभाई तिच्याकडे बघतच राहिले. निळा मासा तळाला जाऊन खडकात अडकला.

"अहो, ओढा!" मी ओरडलो.

"जाऊ दे हो." त्यांनी दोरी कापून टाकली. "निदा, तू टाक. मी मोजतो."

तिनं टाकला. "एक... दोन... तीन..." पुढे त्यांच्या तोंडून आवाजच फुटेना.

उरलेले दोन आकडे मी मोजले.