साहेबाचं पान

मागच्या पितृपक्षात, पितराच्या आदल्या संध्याकाळी, माझी बायको सुमित्रा अन् मी फुलचूरच्या आमच्या अंगणात पळसाच्या पत्रावळी टाचत बसलो होतो. एक माझ्या बापाची, एक मायची, अन् एक इंग्रज कवीची.

हसू नका. मिशनच्या शाळेतून रिटायर झालेल्या एका बाईंकडे सुमित्रा स्वयंपाकाला जायची. भाजी निवडता निवडता बाई तिला त्या कवीची गोष्ट सांगत. कितीतरी पिढ्यांमागचा खेड्यातला पाद्री. जन्मभर देवाच्याच कविता लिहिल्या, अन् त्याही भांडणाच्या. देवाला सरळ विचारायचा, मला काऊन छळतोस? सुमित्राला माणूस पटला. तिला इंग्रजी सोडा, मराठी अक्षरही येत नव्हतं. पण बाईंकडून त्याचं चित्र मागून आणलं अन् महादेवाशेजारी टांगलं.

मग घरात ‘साहेब म्हनते’ सुरू झालं. साहेब म्हनते, बिडी सोडा. साहेब म्हनते, नागझिऱ्याले फिराले चला. त्याला नागझिऱ्याचं जंगल कुठून माहीत, देव जाणे. गेलो मात्र, अन् मजेत फिरलो.

पितराच्या दिवशी साहेबाला वडे, कढी, तांदळाची खीर. कावळा आधी बापाच्या पानावर बसे, साहेबाचं तसंच राही. मी म्हणे, काटा-चमचा ठेव. ती कावळ्याला हिंदीतून बोलावी. इंग्रजीच्या जवळची तिला तीच वाटे.

त्या संध्याकाळी मी विचारलंच, परक्या किरिस्तावाला पान कायले?

काडी टोचत ती म्हणाली, “अजी, लेकरू नाही त्याले. एवढं लिहून गेला, पन पानी कोन देईल? आपन कोनाचं ठेवू, तं आपलंई कोनी ठेवंल.”

लेकरू आम्हालाही नाही. मी हातातली पत्रावळ उलटीसुलटी करत राहिलो.

सकाळी ती उठलीच नाही. झोपेतच गेली.

माणसं जमली. मी चूल पेटवायला गेलो तर वहिनी आडवी आली. सूतक लागलं म्हणे, आता कायचं पितर?

मी म्हटलं, “सूतक आपल्याले. साहेब काय आपल्या गोत्राचा हाय?”

खीर खालून लागली. तशीच वाढली, पान कुंपणापाशी ठेवलं अन् हात जोडले.

“साहेब, ती येऊन राहिली. तिले इंग्रजी येत नाही. पंगतीत बाजूले बसवून घेजा.”