अँबेसिडर बरी की आठशे?

आमच्या डिंगोऱ्यात बबनतात्यांच्या ओट्यावर पाहुणा टेकला की चहा नंतर, आधी परीक्षा. समोरच्या पत्र्याच्या शेडकडे बोट करून तात्या विचारणार, "बोला पावणं, दोनीतली कंची बरी?"

शेडमध्ये वडलांच्या वेळची पांढरी अँबेसिडर आणि तात्यांनी स्वतः घेतलेली, नव्वदीतली लाल मारुती आठशे. उत्तर मात्र एकच चालतं. मी त्यांचा शेजारी. एकदा चुकून "आठशे आटोपशीर आहे" म्हणालो, तर चार दिवस बोलले नाहीत. मग ती घेतलीत कशाला, विचारलं तर म्हणाले, "तुलनेला समोर कोन पायजे का नको?"

तुलनेची त्यांची कसोटीही न्यारी. मढपासून आहुप्यापर्यंत नवऱ्या मुली सासरी पोचवण्यात तात्यांचं आयुष्य गेलं. "अँबेसिडरमधी करवली, मावशी समद्या मावत्यात, वर नवरीला मोकळं रडाया जागा उरती. आठशेत हुंदका द्याया गेली की कोपर मला लागतंय." आणि शेवटी ठरलेलं पालुपद, "आन् ही कवा दगा देत न्हाई."

घरात तात्या आणि लेक सुनंदा, तिसरं माणूस नव्हतं. आई ती लहान असतानाच गेली. तात्यांनी पोरीला बॉनेटखालीच वाढवलं म्हणा ना. तिला बाराखडीच्या आधी पान्यांचे नंबर यायचे.

गेल्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं, घोडेगावला दिली. दारातल्या मांडवात अक्षता पडल्या, जेवणं उरकली, नवरा-नवरी अँबेसिडरमध्ये बसली. तात्यांनी किल्ली फिरवली. गाडी नुसती गुरगुरली. आम्ही दहा जणांनी पारापर्यंत ढकलली आणि तशीच परत आणली. माझ्या नव्या सदऱ्याची पार वाट लागली.

व्याही म्हणाले, "ती लाल काढा की राव." आता तात्या भडकणार, असं मला वाटलं. पण ते निमूट जाऊन आठशेत बसले. तीही गुरगुरून गप्प.

"दोनी सारख्याच निघाल्या," तात्या म्हणाले. जन्मात पहिल्यांदा बरोबरी मान्य केली त्यांनी. "ओतूरवरनं मेकॅनिक बोलवतो. तवर बसा, चहा टाकाया सांगतो."

सुनंदा शालू सावरत खाली उतरली. अँबेसिडरचं बॉनेट उघडून वाकून पाहिलं आणि तात्यांपुढं हात पसरला.

"तात्या, वायर द्या."

 तात्यांनी सदऱ्याच्या उजव्या खिशातून इंजिनाच्या कॉइलची काळी वायर काढून तिच्या हातावर ठेवली. तिनं हात मागे घेतला नाही. डाव्या खिशातून दुसरी, आठशेची निघाली.



"चहा व्हईस्तवर थांबली असतीस," तात्या खाली बघत म्हणाले.

सुनंदानं दोन्ही वायरी पदरात गुंडाळल्या आणि शालूसकट ओट्यावर त्यांच्या शेजारी बसली. "चहा झाला की मीच लावते," ती म्हणाली.