सरावाची शोकसभा

खंडेराव गेले आणि रविवारच्या शोकसभेत दिनकररावांनीच बोलायचं, असं दिल्लीच्या मराठी मंडळाने परस्पर ठरवून टाकलं. चाळीस वर्षांची मैत्री. दुसरं कोण बोलणार? पण दिनकररावांनी जन्मभर गणित शिकवलेलं. फळ्याकडे तोंड असलं की वाघ, माणसांकडे वळले की बोबडी वळायची. त्यात खंडेरावांच्या पत्नी गिरिजावहिनी म्हणाल्या, "भावजी, ह्यांच्याबद्दल तुमच्या तोंडून चांगलं ऐकायचंय मला." दिनकररावांची झोपच उडाली.

"अहो, चार चांगली भाषणं ऐका. कान तयार होईल," वासंतीबाईंनी नवऱ्याला सल्ला दिला.

गणित सरावाने येतं, तर भाषणही येईल, हे दिनकररावांना पटलं. पेपरातली जाहिरात बघून शनिवारी ते करोल बागेत कुणा चावलांच्या शोकसभेला गेले. मास्तरच ते! वेळेआधी पोचले आणि नीट ऐकू यावं म्हणून पहिल्या रांगेत बसले. पहिल्या रांगेत बसतो तो जवळचा, हे काही गणितात शिकवत नाहीत. माइक थेट त्यांच्या हातात आला.

"भाईसाहब, मैं तो सिर्फ सुनने..."

"अंकलजी, पापा के लिए दो शब्द. दिल से बोलिए," चावलांचा मुलगा म्हणाला.

दिनकररावांच्या मनात मेलेला माणूस एकच होता. नाव न घेता ते त्याच्यावरच बोलू लागले. आपण तापाने फणफणलो होतो, तेव्हा ह्या मित्राने आपल्याला चादरीने पाठीशी बांधून स्कूटरवरून हिंदूराव हॉस्पिटलात नेलं. विनोद सांगताना शेवट यायच्या आत तो स्वतःच हसत सुटायचा. त्यामुळे त्याचा एकही विनोद आपल्याला पुरा कळला नाही, आता कळणारही नाही. एवढं बोलून त्यांना रडू कोसळलं.

"बिल्कुल ऐसे ही हँसते थे," चावलाबाई म्हणाल्या, आणि नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच मोकळ्या रडल्या.

मुलाने दिनकररावांना गाडीने घरी सोडलं. दारात वासंतीबाई आपल्या हिंदीत बोलून गेल्या, "कल हमारे यहाँ भी शोकसभा है, भैया."

"आप हमारे दुख में आए, हम भी ज़रूर आएँगे."

आणि मायलेक आले! रविवारी दिनकरराव उभे राहिले तेव्हा भाषण अगदी जिभेवर होतं. समोर गिरिजावहिनी आतुरतेने बसलेल्या, आणि त्यांच्याच शेजारी चावलाबाई. त्यांना मराठी कळत नाही म्हणावं, तर स्कूटर आणि हिंदूराव कुठल्याही भाषेत तेच. बोलावं, तर त्या बाईंना काल परत मिळालेला नवरा आज पुन्हा हिरावला जाणार. न बोलावं, तर खंडेरावांची पाठवणी कोरडी होणार. जन्मभर दुसऱ्यांची उदाहरणं सोडवून देणाऱ्या माणसाला हे काही सुटेना.

"खंडेराव... चांगले होते," एवढंच म्हणून ते खाली बसले. गिरिजावहिनींनी मान खाली घातली. दिनकररावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

निघताना गिरिजावहिनींना नमस्कार करून चावलांच्या मुलाने तिथेच दिनकररावांचे हात धरले.

"अंकलजी, आज समझ में आया, आप पापा से कितना प्यार करते थे," तो गहिवरून म्हणाला. "इनके लिए तो आपके मुँह से कुछ निकला ही नहीं."

इतकी वर्षं दिल्लीत काढल्यामुळे गिरिजावहिनींना हिंदी उत्तम समजत होती.