एक फाइल, एक लेबल

मी एकदा मनावर घेतलं की ते तडीस नेतोच! विचारा आमच्या रेडिओ केंद्रात कुणालाही. नको, आत्ताच नका विचारू.

आमच्याकडे फाइलींचा नुसता सावळागोंधळ होता. 'बातम्या नवीन', 'बातम्या नवीन खरी', 'बातम्या हीच लाव'! मी साहेबांना म्हटलं, "प्रत्येक फाइलीच्या पोटात एक लेबल घालतो. दुसऱ्या कुठल्याही फाइलीला ते नसणार! नाव काहीही असो, यंत्र लेबल बघूनच फाइल लावेल."

"आठवडाभर चूक न होता चालवून दाखवा," साहेब म्हणाले. "कायम नोकरीची एक जागा आहे. ती तुमची."

कित्येक वर्षं तात्पुरता म्हणून राबतोय मी. आता माघार नाही!

आठवडा बिनचूक गेला. साहेबांना भेटायच्या आदल्या संध्याकाळी बायको म्हणाली, "अहो, त्यांच्यापुढे तुमची बोबडी वळते. तालीम करा, रेकॉर्ड करून ऐका."

ऑफिसचा लॅपटॉप केंद्राला जोडलेलाच होता. नवी फाइल कोण बनवणार? कार्यक्रमांआधी वाजणाऱ्या 'नमस्कार, श्रोतेहो'ची नक्कल घेतली, आतला आवाज पुसला, तालीम भरली आणि नाव दिलं 'खासगी'. नाव बदललं हो, पोटातलं लेबल तेच राहिलं! आणि एका लेबलाच्या दोन फाइली दिसल्या की यंत्र ताजी उचलतं.

सकाळी 'नमस्कार'च्या जागी रेडिओवर आणि केंद्रभर माझाच आवाज घुमला, "साहेब, आपण मला वडिलांसारखे..." लगेच बायको, "रडता काय! त्या टकल्याला ठणकावून सांगा, कायम करा नाहीतर मी चाललो!"

साहेबांचा हात आपोआप डोक्यावर गेला.

मी ऑपरेटरकडे धावलो. "ती 'खासगी' उडव!"

"नावानं काही उडत नाही. नियम तुमचाच! लेबल सांगा."

सांगितलं. त्या लेबलाचं होतं नव्हतं ते सगळं उडालं, खरा नमस्कारसुद्धा! जागा रिकामी दिसताच यंत्रानं, रोज रात्री सगळ्या फाइलींच्या नकला जमतात त्या राखीव साठ्यातून, त्याच लेबलाची ताजी फाइल ओढून आणली. बातम्यांच्या आधी पुन्हा, "त्या टकल्याला..." पण मीही हटणारा नाही! सरळ वायरच उपटली. अख्खं केंद्र बंद पडलं.

साहेबांनी आत बोलावलं. "श्रोत्यांचे फोन थांबत नाहीयेत. त्या बाई कोण?"

"मा... माझी बायको."

"काय खणखणीत आवाज आहे! उद्यापासून पाठवा त्यांना."

"आणि माझी कायमची जागा?"

"एकच होती हो."

आता 'नमस्कार, श्रोतेहो' हीच म्हणते, आणि त्या फाइलीला लेबल मी लावतो. परवा घरी जरा वैतागून म्हटलं, "तुझा तो टकल्या मला कधी कायम करणार?"

ही केवढ्यांदा ओरडली! "टकल्या काय म्हणता? साहेब म्हणा!"